पडद्याकडे पाठ करून बसणारी रुखमा

रुखमाला कुणी काही फुकट देऊ केलं, की ती आधी देणाऱ्याचं तोंड निरखायची आणि मग वस्तू. गावात डोळे तपासायचं शिबिर आलं तेव्हा साऱ्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि हिनं डॉक्टरलाच विचारलं, "आमचे डोळे पाहून तुमाले काय भेटते?" डॉक्टर बिचारा नवीन होता, गोंधळला. निवडणुकीत कुणी दारात साडी ठेवून गेलं, तर ती घडीही न मोडता गोठ्याच्या खुंटीवर टांगलेली राहिली. "रुखमाले फुकटचं पाणी बी कडू लागते," असं गाव म्हणायचं. तिचा नवरा भय्याजी हे ऐकून हसायचा आणि विडी पेटवायचा. भांडण करण्याइतकं बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं त्यांचं गाव. धानाच्या चार बांध्या, एक म्हैस, आणि लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झालेली एकुलती एक मुलगी गुड्डी. गुड्डी तुमसरला कॉलेजात जायची. तालुक्याच्या स्पर्धेत ती धावायला लागली, की बाकीच्या मुली मागून तिची वेणी बघत राहायच्या.

तीनएक वर्षांपूर्वी तलावाच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट झालं. वाघ बघायला येणारे लोक तिथे उतरायचे. रिसॉर्टनं कुंपण घातलं आणि तलावाकडे जाणारी ढोरांची जुनी वाट बंद झाली. गाव महिनाभर चिडलं, दोनदा मोर्चा घेऊन गेलं, मग थकलं. आणि त्या हिवाळ्यात, धान कापून झालं तेव्हा, भोंगा लावलेला ऑटो गावात फिरला. रिसॉर्टच्या मैदानावर रोज दिवेलागणीला मोठ्या पडद्यावर सिनेमा. पहाडांचे, बर्फाचे, साहसाचे सिनेमे. नंतर बर्फावर घसरणाऱ्या मॅडमचं भाषण. गाववाल्यांना सगळं फुकट, वरून चहा.

"फुकट!" रुखमा ऑटोच्या मागे बघत म्हणाली. "काहून?"

"काहून म्हंजे?" गुड्डी म्हणाली. "दाखवून राहिले तर पाहाचं. मी जातो."

"तू नाई जात."

"सारं गाव जाऊन राहिलं, आई."

सारं गाव खरंच निघालं होतं. मुलीला घरात कोंडून ठेवण्याचं वय सरलं होतं, हे रुखमालाही कळत होतं. तिनं म्हशीला वैरण टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि गुड्डीच्या मागोमाग चालू लागली.

मैदानावर पुढे सतरंज्या अंथरल्या होत्या, मागे खुर्च्या. गुड्डी मैत्रिणींसोबत अगदी पुढे जाऊन बसली. पडद्यावर पांढरेशुभ्र डोंगर उभे राहिले आणि साऱ्या मैदानातून एकच 'अबाबा' निघालं. रुखमा सतरंजीच्या कडेला बसली ती पडद्याकडे पाठ करून. सिनेमा चालू असेपर्यंत ती माणसांची तोंडं बघत होती. कोण कुणाजवळ सरकतं, कोण कुणाला खुणावतं, कोण कुणाच्या मुलीकडे बघतं. लोकांनी तिची चेष्टा केली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली, आणि तिसऱ्याही.

गावाला चेष्टा वाटत होती, कारण गावाला रीता ठाऊक नव्हती.

रीता ही रुखमाची धाकटी बहीण. त्यांचं माहेर खाणीच्या पट्ट्यातलं. रुखमाचं लग्न ठरायचं होतं आणि रीता तिच्याहून दोन वर्षांनी लहान, त्या वेळी एक माणूस टीव्ही आणि व्हिडिओचं खोकं घेऊन त्यांच्या वस्तीत आला. खाणीतल्या कामगारांची करमणूक म्हणायचा. रोज संध्याकाळी फुकट पिक्चर. बायकांना तो 'बहीण' म्हणायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. वस्ती पडद्याकडे बघत होती, आणि तो वस्तीकडे. पावसाळा लागायच्या आत तो चार मुलींना शिलाईच्या कारखान्यात कामाला म्हणून घेऊन गेला, आईबापांच्या राजीखुशीनं. वर्षा-दोन वर्षांत तिघी परत आल्या. काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. रीता आली नाही. रुखमाच्या बापानं पार सुरतेपर्यंत शोध घेतला. आई शेवटपर्यंत दाराची कडी लावू द्यायची नाही.

सासरी आल्यावर रुखमानं हे एकट्या भय्याजीला सांगितलं. गुड्डीला कधीच नाही. पोरीच्या मनावर कशाला ओझं, असं तिला वाटायचं.

तर आता रुखमाची सारी शंका होती ती भाषण करणाऱ्या मॅडमवर. मोना तिचं नाव. नागपूरची, उंच, केस पोरांसारखे कापलेले, डावा पाय किंचित ओढत चालायची. कित्येक हिवाळे ती पहाडात बर्फावर घसरण्याच्या शर्यतीत उतरली होती. लांब पट्ट्या पायाला बांधून उतारावरून वाऱ्यासारखं खाली यायचं, असं ती हातवारे करून सांगायची. पडल्यावर बर्फ कसा कानात जातो, हे सांगताना स्वतःच हसायची. भाषणाच्या शेवटी म्हणायची, "फेब्रुवारीत शिकवणीचा वर्ग असतो. मुलींनो, ज्यांना यायचं असेल त्यांनी मला भेटा. आईवडिलांना घेऊन भेटा."

गुड्डी पार पागल झाली. घरामागे तनसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता. एका दुपारी रुखमा विहिरीवरून आली, तर ही बांबूच्या दोन कमट्या सुतळीनं पायाला बांधून ढिगाच्या टोकावर उभी. खाली आली ती डोक्यावरच. तोंडात तनस, आणि हसणं थांबेना.

"तुले ते बाई लंगडी होऊन आली ते दिसत नाई का?" रुखमा ओरडली.

"ते लंगडी झाली तरी तिच्यासारखं कोनी हसत नाई आपल्या गावात," गुड्डी म्हणाली.

त्याच संध्याकाळी सिनेमा सुरू व्हायच्या आधी रुखमानं मोनाला गाठलं. मोना पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होती.

"बाई, एक विचारू? हे फुकट काहून दाखवता?"

"लोकांनी जग बघावं म्हणून, मावशी."

"लोकांनी जग पाह्यलं तर तुमाले काय भेटते?"

मोनानं मान वर केली. मलमाची डबी बंद केली. मग म्हणाली, "खरं सांगू? मालकानं तुमची ढोरांची वाट बंद केली. गाव चिडलंय. पुढच्या वर्षी त्याला अजून खोल्या बांधायच्या आहेत, तेव्हा गावानं आडवं येऊ नये, म्हणून हा सिनेमा. आणि माझं म्हणाल, तर गुडघा गेला, शर्यती संपल्या. बोलण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. इथे राहायला-खायला मिळतं. माझ्या वर्गाला मुली मिळाल्या तर तिकडे पहाडातही माझं काम टिकतं."

"आता बराबर," रुखमा म्हणाली आणि वळली. ज्याचा स्वार्थ समोर दिसतो त्याच्यापासून किती दूर उभं राहायचं, ते माणसाला कळतं. तरी शंका पुरती गेली नाही. गोड खोट्यासारखं कडू खरंही लोक विकतात, असं तिला वाटलं.

पण त्या संध्याकाळी पडद्याकडे पाठ करून बसली असताना तिला दुसरंच काही दिसलं. शेकडो माणसांच्या डोळ्यांत पडद्याचा उजेड हलत होता. दोघंच जण पडद्याकडे बघत नव्हते. एक ती स्वतः. दुसरा, मागे खांबाला टेकून उभा असलेला कैलाश.

कैलाश तुमसरचा मंडपवाला. रिसॉर्टचे पडदे, सतरंज्या, जनरेटर त्याच्याकडूनच यायचे. गावातल्या निम्म्या लग्नांचा मंडप त्यानंच टाकलेला. मागच्या पावसाळ्यात भय्याजी तापानं फणफणला, तेव्हा यानंच आपल्या टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं होतं. रुखमाला 'मावशी' म्हणायचा. ज्या दोन-चार माणसांवर रुखमानं कधी शंका घेतली नव्हती, त्यांतला तो एक.

तो पुढच्या सतरंज्यांकडे बघत होता, जिथे मुली बसल्या होत्या. सिनेमा त्याचा पाहून झाला असेल, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी वेगळा सिनेमा होता. कैलाश पुन्हा तिथेच, तसाच. चहाच्या वेळी तो मुलींच्या घोळक्याजवळून गेला, काहीतरी बोलला, आणि जिच्याशी बोलला ती मुलगी घाईनं इकडेतिकडे बघायला लागली.

घरी येऊन तिनं भय्याजीला सांगितलं. तो पहिल्यांदाच चिडला. "कैलाश? आता कैलाशवर बी? रुखमे, तुह्या डोळ्यात रोग आहे. शिबिरात तपासून घ्याले पायजे होतं तू."

सकाळी रुखमा म्हशीचं दूध डेअरीत घालायला गेली, तेव्हा बाजारात कैलाशला मुद्दाम भेटली. चेहरा भोळा केला. ते तिला कधी जमत नसे, पण त्या दिवशी जमलं.

"कैलाशभाऊ, गुड्डीले त्या पहाडाचं याड लागलं. आमच्यासारख्याले कुठी जमते? तुमच्या वळखीनं काही होते का?"

कैलाशनं आजूबाजूला पाहिलं. "होते ना, मावशी. पहाडात मोठं हॉटेल आहे. पोरीले काम भेटन, राह्यचं-खायचं त्यायचंच, आन बर्फावर शिकनं फुकट. पन एक आहे. मोनामॅडमले सांगू नका. तिले वाटन तिच्या वर्गातल्या पोरी मी पळवून राहिलो. गावात बी बोलू नका, जागा थोड्या आहेत."

"तुमचे लय उपकार. पन तुमाले यात काय भेटते, भाऊ?"

"मले?" कैलाश हात जोडून हसला. "मले काय भेटाचं, मावशी? पुण्य."

रुखमानं दुधाचा रिकामा डबा उचलला आणि वाटेला लागली. हॉटेलवाल्याकडून माझं कमिशन आहे, असं तो म्हणाला असता तर कदाचित तिनं विश्वास ठेवला असता.

दिवसभर ती खळ्यावर राबत राहिली आणि विचार करत राहिली. भय्याजी ऐकणार नाही. गाव तर हसेलच. आजवर तिनं शंका घेतली नाही असा माणूस कुठला होता? आणि जी एक बाई खरंखोटं सांगू शकेल, तिच्यावरच इतके दिवस तिनं पाळत ठेवली होती. उन्हं कलली तशी ती रिसॉर्टच्या मागच्या फाटकातून आत गेली.

मोनानं सारं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला. "मावशी, त्या भागातली सगळी हॉटेलं मला माहीत आहेत. अशी भरती असती तर लपवायचं कारणच काय? आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन करते."

"करा. पन काय सांगसान? एक मानूस चांगलं बोलला, एवढंच? आधी त्यानं कोन्या कोन्या पोट्ट्यायले म्हटलं ते समजू द्या. उद्या साऱ्यायच्या समोर विचारतो मी."

मोनानं पोलिसांना कळवलं. उद्या संध्याकाळी कुणीतरी येऊन जाईल, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सिनेमा निम्म्यावर आला तेव्हा रुखमा उठली. सतरंज्यांवरच्या माणसांतून वाट काढत सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावरचा बर्फ तिच्या लुगड्यावर, तोंडावर पडला. मागून आरडाओरडा झाला. "ओ रुखमाबाई, बसा खाली! दिसून नाई राहिलं!"

मोनानं सिनेमा थांबवला आणि दिवे लावले.

"मले एकच विचाराचं आहे," रुखमा म्हणाली. "हा कैलाश. यानं ज्या ज्या पोरीले पहाडात कामाले नेतो म्हटलं, आन कोनाले सांगू नको म्हटलं, तिनं उभं राहा."

मैदानभर कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. कैलाश खांबापासून पुढे आला, अगदी शांतपणे. "मावशीची तब्येत बरी नाई वाटत. भय्याजी, घरी न्या त्यायले." भय्याजी खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

कुणीही उठलं नाही. रुखमा एकेका मुलीकडे बघत गेली. साऱ्या खाली बघत होत्या. आपण चुकलो की काय, असं तिला वाटलं; पुण्यासाठी धडपडणारा एखादा माणूस खरंच असतोही की काय.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक मुलगी उठली. गुड्डी.

"मले म्हटलं होतं," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. सोमवारी निंघाचं होतं."

काल बाजारात मुलीचं नाव रुखमानं आमिष म्हणून घेतलं होतं. ती मुलगी तर आधीच गळाला लागलेली होती; कैलाश काल हसला तो त्यामुळेच. गुड्डीच्या शेजारची उठली. मग मागची एक. मग अजून एक, रडत रडत.

कैलाश वळून टेम्पोकडे चालू लागला, आधी सावकाश, मग भरभर. टेम्पोच्या दारासमोर भय्याजी उभा होता. तो खुर्चीतून कधी उठला हे कुणाला दिसलंच नाही. ज्या टेम्पोत आडवा पडून तो दवाखान्यात गेला होता, त्याच्याच दाराला पाठ लावून तो म्हणाला, "थांब गा जरासा. पोलिसायले येऊ दे." मग बाकीचे लोकही गोळा झाले.

पुढचं पोलिसांनी काढलं. आदल्या वर्षी कैलाशनं मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या एका गावातून दोघींना असंच नेलं होतं. पहाड वगैरे काही नव्हता. एका मोठ्या शहरात, कुलूपबंद घरात त्या राबत होत्या. त्या दोघी सापडल्या आणि आपापल्या घरी आल्या. खटला अजून चालू आहे. कैलाश जामिनावर सुटला आहे. तुमसरच्या बाजारात दिसतो. रुखमानं एका भल्या माणसाला अडकवलं, असं म्हणणारेही अजून आहेत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर रुखमानं गुड्डीला चुलीजवळ बसवलं. मारावंसं वाटत होतं आणि पोटाशी धरावंसंही. तिनं दोन्हीही केलं नाही.

"मले काहून नाई सांगितलं?"

"काय सांगू?" गुड्डीचे डोळे भरून आले. "तू मोनाताईवर शंका घेते. डॉक्टरवर घेते. मास्तरवर घेते. साऱ्यायलेच चोर म्हनते, मंग खरा चोर कोनता ते मले कसं समजन? मले वाटलं, आई तर नाईच म्हनन. ते तर साऱ्यालेच नाई म्हनते."

चुलीतलं लाकूड फुटलं, ठिणग्या उडाल्या. ते आत सारून रुखमा म्हणाली, "तुले एक मावशी होती." आणि तिनं रीताचं सांगितलं. व्हिडिओचं खोकं, तो माणूस, उघडी ठेवलेली कडी, सगळं. गुड्डी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत राहिली. भय्याजी दारात विडी न पेटवता बसून होता.

फेब्रुवारीत मोनाच्या वर्गाला गुड्डी गेली. रुखमानं सहज जाऊ दिलं असं नाही. शिकवणाऱ्या संस्थेला तिनं भय्याजीच्या फोनवरून इतके फोन केले, की तिथला माणूस तिचा आवाज ओळखायला लागला. मोनाला घरी जेवायला बोलावून नागपूरचा पत्ता, आईचं नाव, भावाचं नाव, सारं विचारून घेतलं. मोनानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मावशी, माझी आईसुद्धा एवढं विचारत नाही. तिनंही विचारायला हवं होतं." रिसॉर्टच्या मालकानं ढोरांची वाट मोकळी केली, त्या गोंधळानंतर त्याला गावाशी वाकडेपणा परवडणारा नव्हता. सिनेमे मात्र बंद झाले.

गुड्डी परत आली तेव्हा धानामागून पेरलेली लाखोरीची डाळ उपटायला झाली होती. तिचे गाल बर्फानं करपले होते, ओठ फुटले होते. गावाला तिनं फोटो दाखवले, बर्फावर उभी, हात वर केलेले. पोरींनी घेरलं. तिनं सगळ्यांना उताराच्या, वेगाच्या गोष्टी सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बांधीत बसून लाखोरी उपटत होत्या. गुड्डी हळूच म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी मी लय रडली. उतार पाहून पायच हलेनात. घरी जातो म्हटलं मी मोनाताईले. साऱ्या पोरी हासल्या."

"मंग?"

"मंग काही नाई. दुसऱ्या दिवशी बी रडली. हे कोनाले सांगजो नको."

"नाई सांगत," रुखमा म्हणाली, आणि तिच्या जवळ सरकून बसली.